केन्सची दुसरी वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर कोऱ्या चोपडीची पूजा होते आणि पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द कुंकवाने लिहिले जातात. व्यापाऱ्याला ते शोभून दिसते. त्याचा पेशाच नफ्यातोट्याचा. पण कचेरीत जाणाऱ्या, शाळेत शिकविणाऱ्या, महिन्याकाठी बांधलेला पगार घरी आणणाऱ्या माणसाने शेअर बाजाराची वाट धरली की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ‘सट्टा’ हा एकच शब्द उच्चारून ते संभाषण संपवितात. या शब्दामागे मुंबईची एक जुनी जखम आहे. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअरांच्या कागदांवर इमले बांधणाऱ्या कित्येक पेढ्या आणि घराणी पाहता पाहता धुळीला मिळाली. तेव्हा वडीलधाऱ्यांची भीती अगदीच निराधार आहे असे कोण म्हणेल?

परंतु सट्टा आणि गुंतवणूक यांच्यात काही भेद आहे की नाही? असल्यास तो नेमका कोठे आहे? हा प्रश्न एका थोर माणसाने ग्रंथात तर सोडविलाच, पण त्याआधी स्वतःच्या खिशाला चांगली चाट लावून घेऊन सोडविला. त्याचा पेशा बाजाराचा नव्हता. तो सरकारी अधिकारी होता, प्राध्यापक होता, संपादक होता. बाजार हा त्याचा छंद. जॉन मेनार्ड केन्स हे त्याचे नाव. त्याच्या अर्थशास्त्राची वही जगाने पाठ केली. आज आपण त्याची दुसरी वही उघडून पाहू.

केन्सचा जन्म १८८३ साली केंब्रिज येथे झाला. १९०६ साली सरकारी नोकरीच्या परीक्षेत तो दुसरा आला आणि लंडनच्या इंडिया ऑफिसात रुजू झाला. जगाच्या अर्थव्यवहाराला पुढे वळण लावणाऱ्या या तरुणाला तेथे पहिले काम कोणते मिळाले असेल? एअरशायर जातीचे दहा वळू जहाजावर चढवून मुंबईस रवाना करण्याचे! कचेरीत काम थोडे आणि वेळ फार. त्या फावल्या वेळात त्याने संभाव्यतेच्या तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहावयास घेतला. दोन वर्षांत त्याने ती नोकरी सोडली आणि केंब्रिजला किंग्ज कॉलेजात तो शिकवू लागला. हिंदुस्थानात तो कधीच आला नाही; तरी १९१३ साली त्याने लिहिलेले पहिले पुस्तक हिंदुस्थानच्या चलनावर होते. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश अर्थखात्यात गेला. १९१९ च्या पॅरिस परिषदेत जर्मनीवर लादलेल्या खंडणीसारख्या अटी पाहून त्याने राजीनामा दिला आणि तहाच्या आर्थिक परिणामांवर एक झणझणीत पुस्तक लिहिले. एका पुस्तकाने तो जगप्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास त्याच्या दुसऱ्या वहीचा खरा आरंभ झाला. युद्धाने खिळखिळी झालेली युरोपीय नाणी घसरणार हे त्याला स्वच्छ दिसत होते. त्याने फ्रँक, लिरा, मार्क यांच्या मंदीवर आणि डॉलरच्या तेजीवर पैसे लावले. लावले तेही अल्पशा अनामतीवर, म्हणजे बहुतांशी उसन्या बळावर. आणि स्वतःचेच नव्हेत तर आपल्या मित्रमंडळींचेही. प्रारंभी फायदा झाला. मात्र १९२० च्या वसंतात ही नाणी काही आठवड्यांपुरती उलटी फिरली, वधारली, आणि तेवढ्यात केन्स साफ बुडाला. त्याचे स्वतःचे सुमारे १३ हजार पौंड गेले, मित्रांचे गेले ते निराळेच.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे. केन्सचे भाकीत चुकले होते काय? नव्हते. पुढे १९२३ साली जर्मन मार्काची अशी दुर्दशा झाली की नोटांच्या थप्पीला पाव विकत मिळेना. भाकीत सोळा आणे खरे होते. चुकली होती ती वेळ, आणि नडली ती उसनवारी. उसन्या पैशावर उभ्या असलेल्या माणसाला सत्य सिद्ध होईपर्यंत थांबण्याची सवलत नसते. एका धनाढ्य सावकाराने दिलेले ५ हजार पौंडांचे कर्ज आणि आपल्याच पुस्तकाच्या प्रकाशकाकडून मिळालेले १,५०० पौंड यांच्या आधारावर केन्स सावरला, आणि येत्या काही वर्षांत त्याने ती भरपाई करून काढली. त्याच्यापाशी कीर्ती होती, धनिकांची ओळख होती. आपल्यासारख्या सामान्य माणसाला असा सावकार भेटत नाही, हेही या वहीच्या समासात लिहून ठेवावे.

इतके होऊनही कॉलेजने आपल्या तिजोरीच्या किल्ल्या याच माणसाच्या हाती दिल्या! १९१९ सालापासून तो किंग्ज कॉलेजचा दुय्यम खजिनदार होताच, १९२४ साली तो मुख्य खजिनदार झाला. त्या काळी इंग्लंडातील जुन्या कॉलेजांची दौलत म्हणजे शेतजमिनी आणि सरकारी रोखे. शेअर घेणे हे विद्यामंदिराला न शोभणारे कर्म मानले जाई. केन्सने जमिनीचा बराच भाग विकावयास लावला आणि १९२० साली ३० हजार पौंडांचा एक स्वतंत्र निधी काढला. ‘चेस्ट’, म्हणजे पेटी, असे त्याचे नाव. या पेटीत काय ठेवावे आणि काय काढावे, हे केन्सने ठरवावयाचे.

आणि या पेटीशी तो पहिली दहा वर्षे कसा वागला? अर्थपंडितासारखा. व्यापाराला भरती येते, ओहोटी येते. बँका कर्जाचा हात कधी सैल सोडतात, कधी आवळतात. हे चक्र आपल्याला कळते, तेव्हा भरतीपूर्वी शेअर घ्यावेत आणि ओहोटीपूर्वी विकावेत, असा त्याचा बेत होता. कागदावर याहून सयुक्तिक दुसरे काय असणार? स्वतःच्या खात्यावर तर तो रबर, कापूस, कथील यांचे वायदेही करी. परंतु १९२८ साली मालाचे भाव पडले आणि १९२९ साली न्यूयॉर्कचा बाजार कोसळला. जगातील पहिल्या प्रतीच्या या अर्थशास्त्रज्ञाला त्या वादळाची चाहूल लागली नव्हती. १९२७ च्या अखेरीस त्याची निव्वळ मत्ता ४४ हजार पौंड होती. दोन वर्षांत ती आठ हजारांच्याही खाली आली. कॉलेजचा हिशोब पुढे संशोधकांनी तपासला, तेव्हा असे दिसून आले की या पहिल्या पर्वात त्याची कामगिरी सर्वसाधारण बाजारापेक्षा उणीच होती.

दुसरा एखादा म्हणाला असता, बाजार मूर्ख आहे. किंवा म्हणाला असता, बाजाराचे नाव नको. केन्सने आपली पद्धतच तपासून पाहिली. संबंध बाजाराचे पुढे काय होणार हे मला सांगता येत नाही, हे त्याने मान्य केले. मग काय सांगता येते? अमुक कारखाना चांगला चालला आहे की नाही, त्याचे चालक प्रामाणिक आणि हुशार आहेत की नाहीत, त्याची मिळकत पाहता आजचा भाव स्वस्त आहे की महाग, एवढे मात्र अभ्यासाने सांगता येते. तिसाव्या दशकात त्याने थोड्या कंपन्या निवडल्या, पण त्यांत भरपूर पैसा घातला. ऑस्टिन ही मोटारींची कंपनी आणि युनियन कॉर्पोरेशन ही दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींची कंपनी ही त्याची लाडकी अपत्ये. मंदीत अमेरिकेतील वीज कंपन्यांना कोणी विचारीत नव्हते, तेव्हा त्यांचे शेअर त्याने घेतले. १९३४ साली एका विमा कंपनीच्या चालकाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपला हा नवा कौल स्पष्ट सांगितला आहे: ज्याविषयी काही माहिती नाही अशा पुष्कळ ठिकाणी थोडेथोडे टाकल्याने धोका कमी होतो ही समजूत चुकीची आहे, आपले ज्ञान मर्यादित असते, तेव्हा जे थोडे खरोखर ठाऊक आहे तेथेच विश्वासाने उभे राहावे.

१९३६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या महाग्रंथात बाजारावर एक प्रकरण आहे. त्यातील एक दृष्टांत फार मजेदार आहे. वर्तमानपत्रात शंभर सुंदरींची छायाचित्रे छापून येतात, त्यांतून सहा निवडावयाच्या, आणि ज्याची निवड बहुमताशी जुळेल त्याला बक्षीस. मग स्पर्धक आपल्याला कोण आवडते ते पाहतच नाही. इतरांना कोण आवडेल, आणि इतरांच्या मते इतरांना कोण आवडेल, याचाच तो अदमास घेत बसतो. सटोडियाचे नेमके असेच असते. तो धंद्याकडे पाहत नाही. गर्दीच्या तोंडाकडे पाहतो. गुंतवणूक करणारा धंद्याकडे पाहतो. सट्टा आणि गुंतवणूक यांच्यातील भेद तो हा. शेअर तोच असतो, नजर निराळी असते. शेअरखरेदी विवाहासारखी कायमची केली तर लोक दूरचा विचार करू लागतील, असेही तो त्याच प्रकरणात म्हणतो. अर्थात त्यातील अडचणही लगेच सांगतो.

जुनी खोड मात्र पुरती सुटली नव्हती. १९३६ साली एकदा वायद्याचा अर्जेंटिनाचा गहू खरोखरच त्याच्या गळ्यात पडण्याची वेळ आली, आणि तो ठेवावयाचा कोठे म्हणून त्याने कॉलेजच्या प्रार्थनामंदिराची मापे घेऊन पाहिली, अशी गोष्ट केंब्रिजमध्ये सांगत असत. कर्ज काढून शेअर घेण्याची सवयही होतीच. १९३६ च्या अखेरीस त्याची मत्ता पाच लाख पौंडांवर गेली होती. पुढल्याच वर्षी त्याला हृदयविकाराने गाठले, बाजार घसरला, आणि १९३८ अखेर ती दोन लाखांच्या आत आली.

खरी कसोटी तेव्हा लागली. ज्या विमा संस्थेचा तो १९२१ पासून अध्यक्ष होता तिलाही मोठी खोट आली. पडत्या बाजारात का विकले नाही, म्हणून सहकारी जाब विचारू लागले. त्याचे म्हणणे असे की भाव पडल्याबरोबर पळत सुटणे हे जबाबदार गुंतवणूकदाराचे कर्तव्य नव्हे; हाती पडत्या किमतीचे शेअर राहिले म्हणून लाज वाटण्याचे कारण नाही. मतभेद मिटले नाहीत आणि १९३८ साली त्याने ते अध्यक्षपद सोडले. त्याच वर्षी मे महिन्यात कॉलेजच्या समितीपुढे त्याने एक टिपण ठेवले. भरती-ओहोटीच्या अंदाजाने फायदा करून घेणे आपल्याला जमले नाही, अशी त्यात स्वच्छ कबुली आहे, आणि पुढे तीन सूत्रे आहेत. अंगभूत मूल्याच्या मानाने स्वस्त असलेली थोडीच गुंतवणूक पारखून घ्यावी. ती फळाला येईपर्यंत किंवा आपली निवड चुकली हे उघड होईपर्यंत, सुखदुःखात वर्षानुवर्षे धरून ठेवावी. आणि धोके एकाच जातीचे नसावेत, एक वर तर एक खाली अशा तऱ्हेने ते परस्परांना सावरणारे असावेत.

तीन सूत्रे वाचायला दोन मिनिटे लागतात. ती हाती यावयास केन्सला अठरा-एकोणीस वर्षे लागली आणि दोनदा दिवाळखोरीच्या दाराशी जाऊन यावे लागले. त्यांचे फळ मात्र भरघोस आले. कॉलेजच्या पेटीतील ३० हजार पौंडांचे १९४५ पर्यंत ३ लाख ८० हजार झाले होते. मधल्या काळात जगाने महामंदी पाहिली होती आणि एक महायुद्धही.

हे सर्व त्याने केले केव्हा? सकाळी अंथरुणातच वर्तमानपत्रे चाळून, दलालांशी टेलिफोनवर बोलून तो बाजाराचे काम अर्ध्या तासात हातावेगळे करी, असे सांगतात. उरलेला दिवस अध्यापन, लेखन, त्रैमासिकाचे संपादन आणि सरकारी सल्लामसलत यांचा. छंदाला त्याने पेशाच्या डोक्यावर बसू दिले नाही. पैशाकडेही तो साधन म्हणूनच पाहत होता. त्याची पत्नी लिडिया लोपोकोवा ही रशियन नर्तकी. १९३६ साली केंब्रिजमध्ये त्याने स्वतःच्या पैशाने नाट्यगृह उभारले. चित्रे घेतली, जुने ग्रंथ घेतले.

त्याच १९३६ साली लंडनमध्ये आयझॅक न्यूटनच्या हस्तलिखितांचा लिलाव झाला. ही कागदपत्रे चहूकडे विखुरणार हे पाहून केन्सने जमतील तेवढी विकत घेतली आणि लिलावानंतरही शोधून शोधून गोळा केली. हाच न्यूटन १७२० साली साउथ सी कंपनीच्या शेअरांत भला मोठा हात पोळून बसला होता. ग्रहांच्या गती मोजणाऱ्यालाही गर्दीची गती मोजता आली नाही. २१ एप्रिल १९४६ रोजी केन्स वारला, तेव्हा त्याची मत्ता चार लाख पौंडांहून अधिक होती. न्यूटनचे कागद त्याने किंग्ज कॉलेजला ठेवले. ते आजही तेथे आहेत.