जुन्नरी कागद, बोरू आणि मोडीचे वळण

मराठी कागदपत्रांच्या अभ्यासात मजकुराला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे लेखनसाधनांना मिळालेले नाही. वस्तुतः कागद, लेखणी व शाई ह्यांची निवड परस्परावलंबी असते आणि तिचा ठसा अक्षराच्या वळणावर उमटतो. जुन्नर परिसराच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

डिंगोरे, ओतूर आदी गावे ज्या तालुक्यात येतात, ते जुन्नर हातकागदासाठी प्रसिद्ध होते. पेशवेकालीन दप्तरांत जुन्नरी कागद आढळतो. हातकागदाचा ताव तयार झाल्यावर त्यास खळ देत आणि तो गुळगुळीत दगडाने घोटीत. खळीवाचून शाई फुटते, घोटल्यावाचून बोरू अडखळतो. काजळ व डिंक ह्यांपासून केलेली काळी शाई अशा कागदाच्या पृष्ठावरच राहते, आत फारशी मुरत नाही. म्हणूनच ती ठळक दिसते. मात्र पाणी लागल्यास पुसटही होते.

ह्या साधनांची नावेही बोलकी आहेत. कागद व शाई हे शब्द फारसीतून आले, तर दौत व कलम हे मूळचे अरबी. त्यांतील कलम ह्या शब्दाचे नाते 'वेत, बोरू' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दाशी पोहोचते. त्यांच्या शेजारी लेखणी हा संस्कृत शब्द नांदतो. दप्तराची परिभाषा परकी झाली, तरी हातातील बोरूचे नाव मात्र देशीच राहिले.

बोरूचे टोक तिरके कापलेले असते. त्यामुळे रेषेची जाडी हाताच्या दाबावर नव्हे, तर रेषेच्या दिशेवर ठरते. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा आखून मग तिच्याखाली अक्षरे शक्यतो हात न उचलता लिहीत. १८१८ नंतरच्या आंग्लकाळात गिरणीचा कागद व लोखंडी टाक रूढ होत गेले. टोकदार टाकाची रेषा दाबाने जाड होते. साहजिकच अक्षर बारीक व तिरपे झाले. अक्षरभेदाचे कारण पुष्कळदा लेखकाची लकब नसून साधनातील बदल असतो, हे कागदाचा काळ ठरविताना विसरून चालणार नाही.

हाच प्रश्न आज संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उभा राहतो. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीचा समावेश झाला. परंतु युनिकोड अक्षराला केवळ संकेतांक देते, वळण देत नाही. वळण ठरवितो तो टंकाचा आरेखक. पडद्यावर मोडीची प्रतिकृती काढणाऱ्यानेही दाबाने जाड-बारीक होणारी लेखणी निवडल्यास पेशवेकालीन पत्रास आंग्लकालीन रूप येईल. त्यासाठी रुंद टोकाची, ठराविक कोनात स्थिर राहणारी रेषा निवडली पाहिजे. शिवाय पडद्याच्या काचेला घोटीव कागदाची पकड नसते. म्हणून प्रारंभीचा सराव खऱ्या बोरूने, खळ दिलेल्या कागदावर करणे हिताचे. पुण्यात १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने हातकागदाची विद्या नव्या काळात चालू ठेवली, तिचे मोल ह्या दृष्टीनेही आहे.

डिंगोऱ्यासारख्या गावातील वतनाचा वा जमिनीचा मोडी कागद वाचताना एका अक्षराच्या चुकीने नाव किंवा हक्क बदलू शकतो. शिरोरेषेचा कोणता भाग आधी आखलेला, कोणता फाटा अक्षराचा आणि कोणता केवळ बोरूच्या ओढीचा, हे ज्याने बोरू धरला आहे त्यास लवकर उमगते. साधनांचे ज्ञान हे अशा प्रकारे वाचनविद्येचेच अंग ठरते.