प्राध्यापकाला शिकवायला कोण शिकवतं? परभणीच्या बाजूने पाहिलेला इतिहास

सुरुवात एका साध्या हिशेबाने करू. पहिलीच्या मुलाला शिकवायचं तर डी.एड. पाहिजे. दहावीला शिकवायचं तर बी.एड. पाहिजे. आणि एम.एस्सी.च्या वर्गाला शिकवायचं तर? एम.एस्सी. पाहिजे, वर नेट-सेट किंवा पीएच.डी. म्हणजे विद्यार्थी जितका मोठा, तितकी शिकवणाऱ्याची शिकवण्याची तालीम कमी. १९९१च्या नियमांनी पात्रता परीक्षा सक्तीची केली. तिच्या पहिल्या पेपरात अध्यापनाविषयी प्रश्न असतात, नाही असं नाही. पण चार पर्यायांतून एक निवडणं वेगळं आणि फळ्यासमोर पाऊण तास उभं राहणं वेगळं, हे इथे बसलेल्या कुणालाही सांगायला नको.

मग आपल्याकडचे चांगले प्राध्यापक शिकवायला शिकले कुठे? हा प्रश्न मी आज परभणीच्या बाजूने विचारणार आहे. पुण्या-मुंबईच्या बाजूने विचारला की फर्ग्युसन, एल्फिन्स्टन अशी तयार उत्तरं येतात. परभणीच्या बाजूने विचारला की जरा खणावं लागतं, आणि हाती लागतं ते मला जास्त उपयोगी वाटतं.

१९१८ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं. आणि त्याच वर्षी निजाम सरकारने परभणीत शेतीचं मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू केलं. दोन्ही गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी फारसा संबंध नव्हता. तो पुढे येतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

उस्मानियाचं वैशिष्ट्य असं की तिथे सगळं उच्च शिक्षण उर्दूत होतं. इंग्रजी सक्तीचा विषय, पण गणित, भौतिकशास्त्र, पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूत. त्यासाठी आदल्याच वर्षी, १९१७ साली, ‘दारुल तर्जुमा’ नावाचं भाषांतराचं खातं उघडलं होतं. शेकडो पुस्तकं आणि हजारो पारिभाषिक शब्द तिथे तयार झाले. भारतीय भाषेतून विद्यापीठ चालवता येतं हे दाखवणारा हा मोठा प्रयोग होता, हे मान्य केलं पाहिजे. पण परभणीच्या, सेलूच्या, जिंतूरच्या मुलाच्या बाजूने बघा. घरात मराठी, हायस्कुलात उर्दू, कॉलेजात उर्दू आणि जोडीला इंग्रजी. परभाषेच्या जागी देशी भाषा आली, पण ती त्याची नव्हती. पाठांतरावर भर का आला, याचं निम्मं कारण इथेच आहे.

१७ सप्टेंबर १९४८ला संस्थान मुक्त झालं आणि उस्मानियाचं माध्यम बदललं, उर्दू जाऊन इंग्रजी आली. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ला औरंगाबादेत नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी, मुंबई विद्यापीठाच्या कारभारात मुरलेले. वर्गात मराठीला वाव मिळू लागला. म्हणजे एखादा प्राध्यापक उर्दूत शिकला, इंग्रजीत शिकवू लागला आणि निवृत्त होताना मराठीत शिकवत होता, असं घडणं एका नोकरीच्या काळात शक्य होतं.

या गोष्टीची आपण हेळसांड करतो, ‘बिचाऱ्यांचे हाल झाले’ म्हणून सोडून देतो. हाल झाले, खरंच झाले. पण ज्या माणसाला तोच धडा दुसऱ्या भाषेत सांगावा लागतो, त्याला तो धडा पुन्हा समजून घ्यावा लागतो. जुन्या वहीतून वाचून दाखवायची सोय राहत नाही. माझ्या मते या भागात प्राध्यापकांचा पहिला प्रशिक्षण वर्ग हाच. कोणी आखला नाही, कोणी प्रमाणपत्र दिलं नाही.

याच काळातलं एक नाव तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, ते म्हणजे नरहर कुरुंदकर. त्यांचा जन्म १९३२चा, नांदापूरचा. हे गाव कळमनुरी तालुक्यात, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात. १९९९ला हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर ते तिकडे गेलं. शिक्षणासाठी हैदराबादला मामा डॉ. ना. गो. नांदापूरकरांकडे राहिले. इंटरला नापास झाले, एकदा नव्हे, अनेकदा. मग नांदेडला प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, नोकरी करत पदवी घेतली, एम.ए. केलं आणि १९६३ साली पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले. पुढे तिथलेच प्राचार्य.

कुरुंदकरांच्या विद्वत्तेबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला त्यांच्या वाटेकडे लक्ष वेधायचं आहे. कॉलेजात येण्याआधी त्यांनी शाळेत वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं होतं. शाळेतलं पोर मान हलवत नाही. नाही समजलं की ते बाकाखाली खेळायला लागतं. कुरुंदकरांच्या व्याख्यानांत जी एकेक पायरी उतरून येण्याची सवय दिसते, मुद्दा मांडायचा, मग त्यावरचा आक्षेप स्वतःच घ्यायचा, मग उत्तर द्यायचं, ती मला ग्रंथालयातून आलेली वाटत नाही. ती शाळेच्या वर्गातून आलेली आहे. मराठवाड्यात त्या पिढीत अशी माणसं आणखीही होती, कारण शाळा आधी आल्या आणि कॉलेजं मागाहून. आजच्या नियमांत ही वाट जवळजवळ बंद आहे.

आता परभणीच्या त्या प्रक्षेत्राकडे परत येऊ.

१९५६ साली परभणीत कृषी महाविद्यालय निघालं आणि १८ मे १९७२ला मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. त्यामागची कल्पना मात्र थोडी लांबून आलेली. १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली होती. अमेरिकेत ‘लँड ग्रँट’ कॉलेजांची जुनी परंपरा होती. त्या धर्तीवर १९६०ला पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ झालं. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, मग १९७२ला दापोली आणि परभणी. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामं एकाच संस्थेची, आणि पुष्कळदा एकाच माणसाची, हे या विद्यापीठांचं मूळ सूत्र.

शिकवण्याच्या दृष्टीने याचे दोन परिणाम झाले. पहिला परीक्षेचा. साध्या कॉलेजात शिकवणार एक, प्रश्नपत्रिका काढणार दुसरा, तपासणार तिसरा. मुलाला किती समजलं हे प्राध्यापकाला जूनमध्ये निकालाच्या टक्केवारीतून कळायचं. कृषी विद्यापीठांत सत्र पद्धत फार आधीपासून. शिकवणाऱ्यानेच मध्येच चाचणी घ्यायची, त्यानेच तपासायची. वर्गातल्या निम्म्या मुलांनी एकच चूक केली तर ती चूक कोणाची, हा प्रश्न त्याच्या टेबलावर येऊन पडतो. आज तिथेही बाह्य परीक्षा आहे, आणि अंतर्गत गुणांची खिरापत कशी वाटली जाते हेही आपण जाणतो. पण रचना म्हणून ती प्राध्यापकाला आरसा दाखवणारी होती.

दुसरा परिणाम विस्ताराचा. सकाळी वर्गात शिकवणारा माणूस दुपारी शेतकऱ्यांसमोर उभा. विद्यापीठाचे दोन मोठे मेळावे ठरलेले आहेत, खरिपाचा १८ मेच्या आसपास आणि रब्बीचा १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी. ‘शेतीभाती’ मासिक आहे, आकाशवाणी परभणी आहे. या सगळ्या ठिकाणी श्रोत्याला हजेरीची सक्ती नाही. कंटाळला की तो उठून बाजारात जातो.

एक उदाहरण देतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते नेमकं होईल. सोयाबीनला खताची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश. वर्गात हे फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं, झालं. मेळाव्यात हेच सांगितलं की मागून आवाज येतो, “साहेब, एकराला किती बॅगा?” आता इथे तज्ज्ञाची खरी परीक्षा. डीएपीत स्फुरद ४६ टक्के. ६० किलो स्फुरदासाठी डीएपी हेक्टरी सुमारे १३० किलो, म्हणजे एकरी ५२-५३ किलो, म्हणजे ढोबळमानाने एक बॅग. त्यातून नत्र हेक्टरी २३ किलो येतंच, उरलेल्या ६-७ किलोसाठी थोडा युरिया. पालाश वेगळं द्यायचं. हा हिशेब ज्याला उभ्याउभ्या सांगता आला, त्याला ती शिफारस कळली असं म्हणायचं. आणि असा माणूस दुसऱ्या दिवशी वर्गात आला की तोही आधी बॅगेचा हिशेब मुलांकडून करून घेतो आणि मग किलोग्रॅमकडे जातो.

तसंच ‘वाफसा’. जमिनीतल्या ओलाव्याच्या प्रकरणात पुस्तकात ‘फील्ड कपॅसिटी’ येते, टक्केवारी येते, दाबाची एककं येतात. काळ्या जमिनीत वाढलेल्या मुलाला वाफसा लहानपणापासून माहीत असतो. ढेकूळ हातात घेऊन दाबायचं, चिकटतंय की फुटतंय ते बघायचं. दोन्ही गोष्टी अगदी एकच नाहीत. वाफसा मशागतीच्या योग्यतेची भाषा बोलतो, पुस्तक पाणी धरून ठेवण्याच्या क्षमतेची. हा फरक वर्गात उघडून दाखवणं म्हणजेच त्या दिवसाचा धडा. पण ते करायला वाफसा शब्द वर्गात आणावा लागतो, आणि पुष्कळ वर्षं तो दाराबाहेरच ठेवायची पद्धत होती.

ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने ‘प्रशिक्षण व भेट’ योजना आली. डॅनियल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञाची ती कल्पना. तिच्यावर टीका भरपूर झाली, वरून खाली आदेश देणारी म्हणून, आणि ती बरीचशी रास्त आहे. पण तिच्यातली मासिक कार्यशाळा मला महत्त्वाची वाटते. विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आणि कृषी खात्याचे विषयतज्ज्ञ महिन्याला एकत्र बसायचे. येत्या पंधरवड्यात शेतकऱ्याला नेमकं काय सांगायचं ते थोडक्या मुद्द्यांत ठरवायचं, आणि मागच्या वेळचं शेतात का चाललं नाही तेही ऐकून घ्यायचं. आपण सांगितलेलं पुढे पोचलं का, हे नियमितपणे विचारणारी दुसरी व्यवस्था आपल्या उच्च शिक्षणात मला सापडत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाजूने हेच काम ‘रावे’ करते. शेवटच्या वर्षी मुलं-मुली काही महिने गावात राहतात. वर्तमानपत्रात तुम्ही फोटो पाहता, ‘कृषिदूतांनी दाखवले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक’, ‘कृषिकन्यांचे मार्गदर्शन’. फोटोपुरती रावे होते अशीही तक्रार आहे. पण जिथे ती नीट होते तिथे एकविसाव्या वर्षी मुलीला कळतं की आपल्याला जे येतं असं वाटत होतं, ते साठ वर्षांच्या माणसाला समजावता येत नाही. उद्याचे प्राध्यापक याच मुलांतून येणार आहेत. इतर बऱ्याच विद्याशाखांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याला असा अनुभव फारसा मिळत नाही.

आता अधिकृत प्रशिक्षणाबद्दल. ते थोडक्यात सांगतो, कारण त्याची माहिती परिपत्रकांत मिळते. १९७६ला हैदराबादजवळ राजेंद्रनगरला शेती संशोधन व्यवस्थापनाची राष्ट्रीय अकादमी निघाली, तिला सगळे ‘नार्म’ म्हणतात. तिथे कृषी विद्यापीठांचे अध्यापकही प्रशिक्षणाला जातात. म्हणजे शिकायला पुन्हा हैदराबादच. इतर कॉलेजांसाठी १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग. पुढे नावं बदलत गेली, आणि २०२३च्या शिक्षक दिनी मालवीय मिशन आलं.

कल्पना चांगली होती आणि काही वर्ग फार चांगले झाले. गफलत झाली ती जोडणीत. वर्ग पदोन्नतीला जोडले, २०१०च्या नियमांनी तर सगळ्यालाच गुण लावले. मग ‘काय शिकलात?’ या प्रश्नाच्या जागी ‘झाले का तुमचे दोन?’ हा प्रश्न आला. स्टाफरूममध्ये हे वाक्य ऐकलं नाही असा प्राध्यापक महाराष्ट्रात नसेल. त्यात या वर्गांत समोर बसलेले सगळे प्राध्यापकच. न समजलेला विद्यार्थी तिथे हजर नसतो.

आणि आज आणखी एक अडचण आहे, जी मला सगळ्यात गंभीर वाटते. भरती वर्षानुवर्षं रखडलेली, त्यामुळे मराठवाड्यातल्या कॉलेजांत अनेक वर्ग तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक चालवतात. मानधन तासावर मोजलेलं, पुढच्या वर्षाची खात्री नाही. पदोन्नतीच नाही, त्यामुळे पदोन्नतीसाठी आखलेल्या वर्गांची वाटही त्यांच्यासाठी अरुंद. आणि पहिल्या वर्षाला, म्हणजे गावाकडून नुकत्याच आलेल्या मुलांना शिकवायला अनेकदा हेच उभे असतात. सकाळी पाथरीत तास, दुपारी मानवतला तास, अशी धावपळ करणाऱ्या माणसाने तपासलेल्या वह्या घेऊन मुलांशी कधी बोलायचं? कोणत्या महिन्यात कोणासोबत बसून ‘मागच्या वेळचं का चाललं नाही’ हे विचारायचं?

मासिक कार्यशाळेला फार पैसा लागत नव्हता. एक खोली, पंधरा-वीस माणसं, ठरलेला दिवस. जिल्ह्यातल्या कॉलेजांनी विषयवार असं बसायचं ठरवलं आणि तासिकावाल्यांना त्या दिवसाचं मानधन दिलं, तर त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. मी हे काही प्राचार्यांशी बोललो आहे. पहिला प्रश्न प्रत्येकाने एकच विचारला, “याचे गुण किती?”

इथे थांबतो. प्रश्न घेऊ या. मागच्या बाकावरून आधी.