लंडनच्या भिंतीवर लढाई, वॅलेन्सियाची

गेल्या वर्षी वर्गात मोबाईलवर एक चित्र दाखवत होतो. घोडे, भाले, रक्त, आणि गर्दीतून पुढे घुसणारा पांढऱ्या कपड्यांवर लाल क्रॉस असलेला एक स्वार. मुलं वाकून पाहत होती. एकानं विचारलं, "सर, इसमें अपने लोग कौनसे?"

मी पटकन बोट ठेवू शकलो असतो. मरणारे ते आपले, असं म्हणून मोकळा झालो असतो. पण तसं सांगितलं नाही, कारण त्या उत्तराआधी हे चित्र कुठून आलं हे सांगणं गरजेचं होतं. तेच आज तुम्हालाही सांगतो.

हे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना हे संग्रहालय टिपू सुलतानच्या लाकडी वाघामुळे माहीत असतं. तो वाघ १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लुटीतून गेला. हे चित्र मात्र लुटीतलं नाही. १८६४ साली संग्रहालयानं ते पॅरिसमध्ये पैसे मोजून विकत घेतलं. चर्चमध्ये वेदीच्या मागे उभं करतात ते हे चित्र-फलक, स्पॅनिश भाषेत 'रेताब्लो'. पाइनच्या लाकडावर रंग आणि सोन्याचा वर्ख. उंची साडेसहा मीटरहून जास्त, रुंदी साधारण साडेपाच मीटर. म्हणजे दुमजली घराच्या भिंतीएवढं. एवढी अवजड वस्तू आपल्या जागेवरून उठून तीन देशांत फिरली, आणि मूळ जागेचा पत्ता मागेच राहिला.

मग तो पत्ता शोधला कसा? चित्रातूनच. त्यात बहुतेक प्रसंग संत जॉर्जच्या आयुष्यातले आहेत. संत जॉर्ज तर अर्ध्या युरोपचा लाडका, त्यावरून गाव कळत नाही. पण मधल्या भागात एक लढाई आहे. तिथं राजाच्या घोड्याच्या झुलीवर सोनेरी आणि लाल पट्टे आहेत. ही आरागॉनच्या राजघराण्याची खूण. हा राजा हाइमे पहिला, आणि ही लढाई १२३७ सालची, वॅलेन्सिया शहराच्या उत्तरेला एल पुच इथली. ही लढाई वॅलेन्सियाच्या लोकांच्याच जिव्हाळ्याची, दुसऱ्या गावाला ती वेदीवर लावण्याचं कारण नव्हतं. आता प्रश्न उरला, वॅलेन्सियात संत जॉर्जला मानणारे आणि एवढा खर्च पेलणारे कोण? शहराच्या आडव्या धनुष्यवाल्यांची एक तुकडी होती, 'सेंतेनार दे ला प्लोमा'. सेंतेनार म्हणजे शंभर जणांची तुकडी. १३६५ साली राजा पेरे चौथा यानं ती उभी केली. शहराच्या निशाणाची राखण हे तिचं काम, आणि तिचा आश्रयदाता संत जॉर्ज. १९७० साली सी. एम. कॉफमन या अभ्यासकानं या फलकावर सविस्तर लेख लिहिला. आज संग्रहालयही हा फलक त्या तुकडीचाच मानतं.

चित्रकाराचं नाव शैलीवरून सांगितलं जातं: मार्सल दे साक्स. नावावरून तो जर्मनीतल्या सॅक्सनीकडचा असावा. वॅलेन्सियाच्या कागदपत्रांत तो १३९३ ते १४१० या काळात दिसतो. शेवटी तो आजारी आणि गरीब झाला, तेव्हा त्याच्या कलेची कदर म्हणून शहरानं त्याला राहायला जागा दिली. परदेशी माणसानं परक्या गावाची लढाई रंगवली, आणि त्याच गावानं त्याला म्हातारपणी छप्पर दिलं.

पुढं १७०७ साली फिलिप पाचव्यानं वॅलेन्सियाचे जुने हक्क रद्द केले. ती तुकडीही गेली. ज्यांनी फलक करून घेतला तेच उरले नाहीत, तेव्हा त्याचा वालीही उरला नाही.

आता लढाईकडे येऊ. चित्रात राजा हाइमे स्वतः मूर राजावर वार करतो आहे आणि मागून संत जॉर्ज मदतीला धावून आला आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी राजा मैदानात नव्हताच. फौज त्याचा मामा बर्नात गियेम दे एंतेन्सा याच्या हाताखाली होती. लढाईनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी चित्र काढलं गेलं, तोवर तवारीखेची दास्तान झाली होती.

आणि समोरच्या बाजूला कोण होतं? चित्रात त्यांना नावं नाहीत. अरबी ग्रंथांत आहेत. तिथं या जागेचं नाव अनीशा आणि शहराचं नाव बलन्सिया. त्या दिवशी मारल्या गेलेल्यांत अबू अर-रबी सुलैमान अल-कलाई होते. हदीसचे आलिम, 'अल-इक्तिफा' या सीरतग्रंथाचे लेखक. हिजरी हिशेबानं वय सत्तरीच्या आसपास. त्यांचे शागिर्द इब्न अल-अब्बार यांनी उस्तादांवर मर्सिया लिहिला. हे इब्न अल-अब्बार बलन्सियाचे शेवटचे अमीर ज़य्यान यांचे चिटणीस होते. शहराला वेढा पडला तेव्हा ते मदत मागायला ट्युनिसच्या सुलतानाकडे गेले. तिथून जहाजं निघाली, पण वेढलेल्या शहरापर्यंत मदत पोहोचली नाही. १२३८ साली बलन्सियानं शरणागती पत्करली. इब्न अल-अब्बार पुढं ट्युनिसला गेले आणि १२६० साली तिथल्याच सुलतानानं त्यांना ठार करवलं. ख्रिस्ती राजानं नव्हे, मुसलमान सुलतानानं. हेही मुलांना सांगायला हवं.

शहर गेलं तरी तिथले मुसलमान पुढची पावणेचारशे वर्षं त्या मुलखात शेती करत राहिले. हा फलक रंगवला जात होता तेव्हा ते आसपासच्या गावांत होतेच. शेवटी त्यांना बाप्तिस्मा घ्यायला लावलं, आणि १६०९ मध्ये तोही पुरेसा नाही म्हणून देशाबाहेर काढलं. त्या मुलखातून लाखाहून जास्त माणसं जहाजांत बसवली गेली. घर सुटलेला तो फलक एकटा नाही.

पण मला सगळ्यात जास्त थांबवतं ते चित्रांच्या कडेचे छोटे प्रसंग. त्यांत संत जॉर्जचा छळ आहे. विष पाजलं, करवतीनं कापलं, कढईत उकळलं, तरी तो मरत नाही. शेवटी शिरच्छेद होतो. छळणाऱ्या हाकिमाचं नाव डेशियन. आता तबरीची तवारीख उघडा. त्यात जिर्जीस यांची हकीकत आहे. पॅलेस्टाइनचा एक अल्लाहचा बंदा, मोसलच्या राजासमोर उभा. राजा त्याचे तुकडे करतो, जाळून राख समुद्रात टाकतो, आणि अल्लाह त्याला पुन्हा उठवतो. राजाचं नाव दाज़ाना. जिर्जीस म्हणजेच जॉर्ज. मोसलमध्ये नबी जिर्जीसच्या नावाची मशीद शतकानुशतकं होती. २०१४ साली ती इसिसनं उद्ध्वस्त केली. बेथलेहेमजवळच्या अल-खिज़र गावात संत जॉर्जच्या चर्चमध्ये आजही मुसलमान नवस बोलायला जातात.

म्हणजे ज्याच्या नावानं एल पुचमध्ये आपल्यावर तलवार उगारलेली दाखवली, त्याच्या शहादतीची कथा बगदादमध्ये आपणही लिहून ठेवली होती.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, "बेटा, कडेची चित्रं बघ. मग सांग, अपने लोग कौनसे." तो बराच वेळ मोबाईल हातात धरून बसला. घंटा झाली तरी त्यानं उत्तर दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही.