विरघळलेला दगड

खडीसाखर दुधात वितळत नाही, विरघळते. या दोन शब्दांत आमची आक्का कधी घोळ होऊ द्यायची नाही. तूप वितळतं, साखर विरघळते. नुसती साखर वितळवायची तर केवढी आच लागते! दुधात मात्र ती कोमटपणीच नाहीशी होते. दगडाचंही असंच आहे, पण ते भट्टीत नीट मोजून दाखवायला १९१४ साल उजाडलं.

त्याआधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. काळा दगड पृथ्वीच्या पोटातल्या तप्त रसातून झाला, असं एडिंबरोचे जेम्स हटन सांगत. पण एवढ्याशा मुशीत डोकावून पृथ्वीचं कोडं सुटेल, हे त्यांना पटत नसे. त्यांचे धाकटे स्नेही जेम्स हॉल यांना तर नेमकं तेच करून बघायचं होतं. वडीलधाऱ्याचा मान राखून ते थांबले. १७९७ मध्ये हटन वारले आणि पुढच्याच वर्षी हॉलनी आपले प्रयोग तिथल्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. ओतकामाच्या भट्टीत वितळवलेला दगड झटकन निवला की काच व्हायची. सावकाश निवला की पुन्हा खड्याखड्यांचा दगड. म्हणजे हटन यांचंच खरं ठरलं, आणि ते बघायला तेच नव्हते. आपण बायकांनी तरी घरात मान राखण्यापायी किती गोष्टी अशा मागे ठेवल्या असतील!

पुढचं काम वॉशिंग्टनला, कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत झालं. नॉर्मन बोवेन आणि ओलाफ अँडरसन यांनी मॅग्नेशिया आणि सिलिका ठरावीक प्रमाणात मिसळून विजेच्या भट्टीत तापवली. ठरलेल्या उष्णतेला ठेवायचं, मग एकदम निववायचं आणि कुठले खडे उरले ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. फॉर्स्टेराइट, म्हणजे हिरव्या ऑलिव्हीनचा लोखंड नसलेला भाऊ, एकटा असला तर सुमारे १८९० अंशांना वितळतो. सिलिका भरपूर असलेल्या रसात तोच १६०० च्या आत संपतो. वितळत नाही हं, विरघळतो! रस निवू लागला की आधी तयार झालेले त्याचे खडे त्याच रसाशी क्रिया करून निराळं खनिज होतात.

१९२२ मध्ये याच प्रयोगशाळेतल्या हेन्री वॉशिंग्टन यांनी आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या घटकांवर लेख लिहिला. आमचं बेळगाव त्या दगडाच्या दक्षिण टोकाला. परवा पाट्याला टाकी लावणारी बाई आली, तेव्हा उडालेली एक कपची मी भिंगाखाली धरली. सून म्हणाली, "आई, आता दगडात काय बघताय?"