घडवण्याचं ज्ञान कोणाकडे? ऑनलाइन सर्व्हायव्हल खेळांतल्या कारागिरीचा इतिहास

ऑनलाइन खेळांच्या इतिहासात आज आपण एका साध्या दिसणाऱ्या क्रियेकडे पाहणार आहोत. झाड तोडायचं, लाकूड गोळा करायचं, दगड उचलायचा आणि दोन्ही जोडून कुऱ्हाड करायची. खेळाडू याला क्राफ्टिंग म्हणतात. आपण सोयीसाठी ‘घडवणं’ म्हणू. ज्या खेळांत ठरलेली गोष्ट नसते, मोकळं जग असतं आणि त्यात आपल्या हिमतीवर तगून राहायचं असतं, त्या सँडबॉक्स सर्व्हायव्हल खेळांचा घडवणं हा कणा आहे.

या खेळांची तुलना बहुधा मोजदादीने होते. कुठे किती वस्तू बनतात, किती कृती आहेत, भट्ट्या किती प्रकारच्या आहेत. अशा याद्यांतून फारसं काही हाती लागत नाही. आपण दुसरा प्रश्न धरून चालू या: वस्तू कशी घडवायची, हे ज्ञान त्या जगात राहतं कुठे? माणसाच्या हातात, खेळाबाहेर, लुटता येणाऱ्या वस्तूत, की खुद्द खेळाच्या पोटात? आमचं म्हणणं असं की, या एका उत्तरावर खेळाडूंना एकमेकांची गरज किती पडते, हे बरंचसं ठरतं.

सुरुवात १९९७ पासून करू. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ओरिजिन सिस्टिम्स या अमेरिकी कंपनीचा ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला. रिचर्ड गॅरियट यांची ही जुनी खेळमालिका. तिच्या ऑनलाइन अवताराच्या रचनेत राफ कोस्टर यांचा मोठा वाटा होता. इथे डोंगरातून खनिज खणायचं, भट्टीत वितळवून त्याच्या लगडी करायच्या आणि मग ऐरणीवर तलवार घडवायची. कसब वापरानेच वाढायचं. शंभर तलवारी ठोकल्या की हात बसायचा. पण सगळ्या कौशल्यांची मिळून मर्यादा ७०० गुणांची आणि एका कौशल्यात प्रावीण्य गाठायला १०० गुण. म्हणजे एकाच पात्राला सगळंच येणं शक्य नव्हतं. लढवय्याला लोहाराकडे जावंच लागायचं.

या व्यवस्थेत एक गोची होती. कसब वाढवण्यासाठी लोक गरजेपेक्षा कितीतरी जास्त माल करू लागले. सदऱ्यांचे ढीग लागले, घेणारा कोणी नाही. शिवाय जगातला कच्चा माल ठरावीक ठेवायचा, वस्तू नष्ट झाली की तो परत जगात यावा, अशी मूळ योजना होती. खेळाडूंनी वस्तू मोडल्याच नाहीत, घरांत साठवून ठेवल्या. चक्र अडलं आणि ती योजना सोडून द्यावी लागली. घडवणाऱ्याला प्रतिष्ठा हवी असेल तर वस्तू झिजायला आणि संपायला हवी, हा धडा पुढच्या रचनाकारांना इथे मिळाला.

तो धडा सर्वांत नेटका उतरला जून २००३ मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ मध्ये. इथेही कोस्टर होतेच. या खेळात ‘लोखंड’ म्हणजे सगळीकडे सारखंच लोखंड, असं नव्हतं. प्रत्येक खनिजाच्या साठ्याला स्वतःचे गुणधर्म असायचे, एकूण दर्जा, विद्युतवाहकता, उष्णता सोसण्याची ताकद वगैरे. आणि तो साठा काही दिवसांनी कायमचा नाहीसा व्हायचा. त्यामुळे चांगला कारागीर रोज सर्वेक्षणाचं यंत्र घेऊन हिंडायचा, उत्तम धातू सापडला की यंत्रं लावून मिळेल तितका उपसून ठेवायचा. मग त्यावर प्रयोग करून बंदुकीचा नमुना काढायचा आणि कारखान्यात त्याच्या प्रती. दोन शस्त्रकारांची एकच बंदूक सारखी नसे. ग्राहक कारागिराच्या नावावर माल घेत. कित्येक खेळाडूंनी या खेळात लढाई जवळजवळ केलीच नाही, दुकान चालवलं.

आणि मग नोव्हेंबर २००५ आला. खेळ सोपा आणि झटपट करावा म्हणून सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटने त्याची रचनाच बदलली. तिसाहून अधिक पेशे होते, त्यांचे नऊ झाले. वेगवेगळ्या कारागिरांना ‘व्यापारी’ या एकाच पेशात गोळा केलं गेलं. संतापलेल्या खेळाडूंपैकी अनेकांनी खेळ सोडला. डिसेंबर २०११ मध्ये तो बंदच झाला. इथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, कारागिराचं भांडवल फक्त गोदामातला धातू नव्हता. कोणता साठा कशाला चांगला, कोणत्या ग्राहकाला काय लागतं, ही दोन-अडीच वर्षांत कमावलेली जाण हे त्याचं खरं भांडवल. नियम बदलले आणि त्या जाणिवेची किंमत रातोरात उतरली. पडद्यावरची बंदूक खोटी असेल. ती जाण मात्र खऱ्या माणसांच्या खऱ्या वर्षांतून आली होती.

त्याच २००३ च्या मे महिन्यात आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ आला, तो आजही चालू आहे. तिथे ज्ञान ब्लूप्रिंटमध्ये, म्हणजे आराखड्यात असतं. मूळ आराखडा आणि त्याच्या मर्यादित वापराच्या नकला, दोन्हींचा बाजार भरतो. जहाज फुटलं की कायमचं गेलं, त्यामुळे मागणी आटत नाही. जानेवारी २०१४ मधल्या एका लढाईत टायटन जातीची ७५ महाकाय जहाजं नष्ट झाली. प्रत्येक टायटन खेळाडूंनी अनेक आठवडे खपून बांधलेलं. खेळातल्या अर्थव्यवस्थेवर नजर ठेवायला कंपनीने २००७ मध्ये चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नेमला होता.

आता स्वीडनकडे वळू. रोल्फ यान्सन आणि मार्कुस पर्सन यांनी ‘वर्म ऑनलाइन’ उभा केला. वस्तूचा दर्जा शंभरापर्यंत, प्रत्येक कामाला वेळ, एक भिंत बांधायची तरी चिकाटी हवी. हाच पर्सन पुढे त्यातून बाहेर पडला आणि २००९ मध्ये त्याने ‘माइनक्राफ्ट’ लोकांसमोर ठेवला. त्यात त्याने उलट टोक गाठलं. कौशल्याची पातळी नाही, दर्जा नाही, वाट पाहणं नाही. तीन बाय तीनच्या चौकटीत वरच्या ओळीत तीन दगड, मधोमध खाली दोन काठ्या: झाली कुदळ. कोणीही केली तरी तीच कुदळ. आकृतीवरून वस्तू ओळखू येते, म्हणून लहान पोरंही ती पटकन शिकतात.

गंमत अशी की, ही कृती खेळ तुम्हाला सांगत नव्हता. ती मित्राकडून, यूट्यूबवरून किंवा खेळाडूंनी लिहिलेल्या विकीवरून कळायची. कृतींचं पुस्तक खेळात आलं ते थेट २०१७ मध्ये. म्हणजे मधली सातेक वर्षं ज्ञान खेळाबाहेर, खेळाडूंच्या समुदायात राहत होतं. इथे खेळाडूला कारागिराची गरज उरली नाही, पण शिकवणाऱ्याची गरज होती.

डिसेंबर २०१३ मध्ये ‘रस्ट’ अपुऱ्या अवस्थेतच विक्रीला आला. ब्रिटनच्या फेसपंच स्टुडिओचा हा खेळ निर्दय आहे: तुम्ही खेळ बंद केलात तरी तुमचं पात्र तिथेच झोपलेलं राहतं आणि कोणीही येऊन लुटू शकतं. इथे बंदूक सापडली की ती संशोधनाच्या टेबलावर ठेवून, भंगार खर्चून तिची कृती शिकायची. मोठ्या वस्तूंसाठी वरच्या पायरीचं वर्कबेंच लागतं. २०१६ मध्ये त्यांनी अनुभवाच्या गुणांवर आधारलेली पद्धत आणून पाहिली आणि त्याच वर्षी काढून टाकली. दर महिन्याला सर्व्हरचं जग पुसलं जातं. इथे ज्ञानाचा रस्ता लुटीतून जातो. २०१५ च्या ‘आर्क’ ने दुसरी वाट घेतली. पातळी वाढली की मिळणाऱ्या गुणांतून कृती विकत घ्यायच्या, पण सगळ्या घेता येतील इतके गुण मुळात मिळतच नव्हते. म्हणून टोळीत कामं वाटून घेतली जात. अल्टिमाची ७०० ची मर्यादा वेगळ्या वेषात परत आली म्हणा ना.

शेवटचं उदाहरण फेब्रुवारी २०२१ चं: पुन्हा स्वीडन, ‘व्हॅलहाइम’. नवीन धातू उचलला की त्यापासून काय काय होतं ते खेळच दाखवतो. विकीची गरज नाही, गुरूची नाही. मग दहा जणांनी एकत्र खेळायचं कशासाठी? रचनाकारांनी गरज दुसरीकडे हलवली. मूळ नियमानुसार धातू जादूच्या दरवाजातून नेता येत नाही. तो होडीत भरून, लाटा आणि शत्रू चुकवत घरी आणावा लागतो. ज्ञान सगळ्यांना वाटून टाकलं आणि ओझं मात्र जड ठेवलं. माणसं त्या ओझ्यापायी एकत्र येतात.

म्हणून पुढच्या वेळी दोन खेळांची तुलना कराल तेव्हा कृतींची संख्या जरा बाजूला ठेवा. हे मला कोण शिकवतं, माझी वस्तू कोणाला लागते आणि नियम उद्या बदलले तर कोणाची वर्षं वाया जातात, एवढं विचारा. जुनी पद्धत श्रेष्ठ आणि नवी उथळ, असा निकाल आम्ही देत नाही. रोज दोन तास धातू शोधत हिंडणं प्रत्येकाला परवडत नाही. व्हॅलहाइमने नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांनाही दार उघडलं. पण ज्या जगात एखाद्याचं नाव त्याने घडवलेल्या वस्तूमुळे दूरवर पोचत होतं, तशी जगं आता थोडी उरली आहेत, हेही नोंदवून ठेवायला हवं. प्रश्न असतील तर आता घेऊ.