कोरी वही

हिशेबनीस नवी वही हातीं घेतो, तेव्हां ती कोरी आहे ना, हें प्रथम पाहतो. लायनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं जाहीर केलेल्या लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याला २०१० सालीं हाच धडा गिरवावा लागला.

आपला वेळ कोठें खर्च होतो, हें मोजण्याची सोय त्या गाभ्यांत होती. घड्याळाचा ठोका पडला कीं, ज्या सूचनेवर काम चालू असेल तिच्या गणकांत एकाची भर पडे. सूचनांच्या दर २ बाइटांस ४ बाइटांचा गणक धरला, तर हिशेबाची वही मूळ ग्रंथाच्या दुप्पट होई!

एवढी स्मृति मिळविण्याच्या तीन वाटा होत्या. पहिल्या दोन वाटांनीं सलग जागा मिळे, आणि ती पुसलेली असे. ती न मिळाल्यास तिसऱ्या वाटेनें विखुरलेलीं पानें जोडून घेत. तीं मात्र कोणी पुसलेलीं नसत. त्यामुळें आंकडे निरर्थक दिसत, आणि पानांवरील जुना मजकूर वाचणाऱ्याच्या हातीं पडे. दुरुस्ती लहानशीच होती : तींहि पानें वापरण्यापूर्वीं शून्यें भरून कोरीं करणें.

तिन्ही वाटांनीं येणारी जागा सारखीच कोरी असेल, ही समजूतच घातक ठरली. म्हणून परीक्षकानें क्वचित् चालल्या जाणाऱ्या वाटेवर दिवा अधिक वेळ धरावा.