नारायण : एका नावाची फोड

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब येथे झाला. मूळ नाव नारायण. हे नाव फोडायचे कुठे? परंपरा सांगते : नार म्हणजे पाणी, अयन म्हणजे आश्रयस्थान. पण ‘रा’ या एकाच अक्षरात पहिल्या शब्दाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ मिसळला. ‘न’चाही ‘ण’ झाला.

‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात आहेत : लघु-गुरू-गुरू असे चार गण, बारा अक्षरे. त्या चालीत ‘नारायणा’ ही हाक बसवली, तर गण ‘नारा’वरच तुटतो. वृत्ताची फोड वेगळी, समासाची वेगळी. जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहीत. फोड वाचकानेच करायची. ती चुकली, की अर्थ हातचा गेला.